मुक्कामी गाडीने जाणारी माहिती : रेंज नसलेल्या गावांत नेटवर्कचा प्रयोग कसा उभारावा

कपाशीच्या वावरातील कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) रात्री किती पतंग अडकले, हा आकडा तालुक्याला सकाळी दहा वाजता पोहोचला काय किंवा संध्याकाळी सहाला पोहोचला काय, गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. सलग तीन रात्री दर सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरून उपाययोजना करावी, असा निकष शेतकऱ्यांना दिला जातो. म्हणजे निर्णयाला मुळातच तीन रात्री लागतात. मात्र त्या तिन्हींपैकी मधल्या रात्रीचा आकडा वाटेत हरवला, तर सलगता तुटते आणि निर्णय पुन्हा तीन रात्री पुढे जातो. गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केलेला २०१७ चा हंगाम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या तीन रात्रींची किंमत सांगावी लागत नाही.

उशीर चालतो, हरवणे चालत नाही. विदर्भातील खेड्यांत नेटवर्कचा किंवा वितरित मोबाइल प्रणालीचा प्रयोग उभारताना हे एक वाक्य आधी कागदावर लिहावे आणि आपल्या विषयासाठी ते खरे आहे की नाही, हे तपासावे. पर्जन्यमापकाच्या नोंदी, विहिरींची पाणीपातळी, शाळेची हजेरी यांना ते लागू पडते. सर्पदंशाचा निरोप, बाळंतिणीसाठी गाडी बोलावणे यांना ते मुळीच लागू पडत नाही; अशा कामासाठी खाली सांगितलेली पद्धत वापरू नये, आणि प्रबंध आकर्षक दिसावा म्हणून तसा दावाही करू नये. ‘किती उशीर चालेल’ याचे उत्तर तासांत आणि ‘किती नोंदी गहाळ झालेल्या चालतील’ याचे उत्तर शेकड्यात ठरवल्याशिवाय एकही यंत्र विकत घेऊ नये.

पुढील मजकूर यवतमाळ जिल्ह्यातील पाच गावांत, सापळ्यांचे आकडे गाडीने तालुक्याला पोहोचवण्याच्या दोन हंगाम केलेल्या कामावर आधारलेला आहे. पदवीचा प्रकल्प, एम.टेक.चा प्रबंध किंवा पीएच.डी.चे क्षेत्रकार्य अशा तिन्ही पातळ्यांवर तो वापरता येईल.

पंधरा दिवस नुसते मोजावे

गावात ‘रेंज नाही’ असे लोक म्हणतात, तेव्हा त्या दोन शब्दांत किमान तीन वेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. पहिल्या अवस्थेत फोनला टॉवर सापडतच नाही. दुसरीत टॉवर सापडतो, पडद्यावर दोन काड्या दिसतात, पण माहिती हलत नाही. तिसरीत माहिती जाते, परंतु पहाटे चार ते सहा किंवा अशाच एखाद्या वेळी. संशोधनासाठी दुसरी अवस्था सर्वांत महत्त्वाची असते, कारण फोन जोडलेला आहे असे समजून ॲप प्रयत्न करत राहते, बॅटरी संपवते आणि शेवटी काहीच पाठवत नाही. म्हणून केवळ सिग्नलची ताकद नोंदवून थांबू नये. एक साधा अँड्रॉइड फोन गावातील ठरलेल्या जागी चार्जिंगला लावून ठेवावा. दर मिनिटाला सिग्नलचे मूल्य नोंदवावे, त्याच वेळी स्वतःच्या सर्व्हरकडे शंभर-दोनशे बाइटांचे छोटे पाकीट (माहितीचा तुकडा) पाठवावे आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले, हे तीच नोंद घेताना लिहावे. फोर-जीवर उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे एकक) आसपासचे मूल्य चांगले समजावे, उणे ११० च्या खाली गेल्यावर भरवसा ठेवू नये. पण अंतिम प्रमाण मानावे ते पाकिटाच्या उत्तरालाच.

या नोंदींच्या शेजारी विजेची नोंद हवी. वीज गेली की टॉवर काही वेळ बॅटरीवर चालतो आणि मग बंद पडतो. त्यामुळे गावातला नेटवर्कचा खड्डा बहुतेकदा विजेच्या खड्ड्यामागून काही वेळाने येतो. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की हा पाठलाग उघड दिसतो. आमच्या एका गावात जे आम्ही आठ दिवस ‘संध्याकाळची गर्दी’ समजत होतो, ते प्रत्यक्षात दुपारच्या भारनियमनाचे उशिरा उमटलेले पडसाद निघाले.

मोजणी एकदाच करून भागत नाही. ज्येष्ठात पेरणीच्या वेळी वावर मोकळे असते. भाद्रपदात त्याच वावरात छातीएवढी पऱ्हाटी आणि तिच्याही वर गेलेली तूर उभी असते. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरी ओल्या पानांतून जाताना लवकर क्षीण होतात, त्यामुळे उन्हाळ्यात धुऱ्यावरून सहज जोडला जाणारा फोन पावसाळ्यात त्याच जागी जोडला जात नाही. लांबच्या अंतरासाठी लोरा (कमी विजेवर थोडी माहिती दूर पाठवणारी रेडिओ पद्धत) वापरायचे असल्यास भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, आणि या लहरी पानांतून तुलनेने बऱ्या जातात. परंतु येथेही उंची सोडून चालत नाही. दोन किलोमीटर अंतरावर, या पट्ट्यात, दोन अँटेनांच्या मधोमध लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची त्रिज्या सुमारे १३ मीटर येते आणि तिच्यातील निदान ६० टक्के, म्हणजे साधारण आठ मीटर जागा निर्विघ्न असावी लागते. शाळेच्या पत्र्यावर टेकवलेला अँटेना यासाठी पुरत नाही. गावातील पाण्याची टाकी पुरते, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचे लेखी संमतिपत्र आधी घ्यावे.

गाडीचे वेळापत्रक आणि गाडीचे वागणे

ज्या गावात टॉवर पोहोचत नाही, तेथेही एसटी बहुधा पोहोचते. माहिती गाडीने वाहून नेण्याची कल्पना नवी नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधकांनी ‘डाकनेट’ या नावाने ती भारतात आणि कंबोडियात राबवून पाहिली आणि २००४ मध्ये त्याविषयी लिहिले. त्यात कर्नाटकातील दोड्डबल्लापूर तालुक्यात बसवर वाय-फाय यंत्र बसवून गावागावांतील भूमी अभिलेखाच्या माहितीची ने-आण केली होती. त्याच सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘झेब्रानेट’मध्ये केनियातील झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधून, एका प्राण्याची नोंद भेटेल त्या दुसऱ्या प्राण्याच्या पट्ट्यात उतरवण्याची व्यवस्था केली होती. आपल्याकडे झेब्र्यांपेक्षा मुक्कामी गाडी अधिक भरवशाची आहे, असे म्हणायला हरकत नाही. निदान तिचे वेळापत्रक आगारात लावलेले असते.

मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, रात्रभर पारावर किंवा शाळेपुढे उभी राहते आणि पहाटे तालुक्याला निघते. नेटवर्कच्या भाषेत हा आठ-नऊ तासांचा संपर्क झाला आणि त्यात काहीही घाईचे नसते. याच्या उलट फाट्यावरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा संपर्क पाहावा. वेग ताशी ४० किलोमीटर, वाय-फायचा आवाका दोन्ही बाजूंना ५० मीटर धरला, तर गाडी जेमतेम नऊ सेकंद टप्प्यात राहते. त्यातील चार-पाच सेकंद यंत्रांना एकमेकांचा शोध घेऊन जोडणी करण्यातच जातात. ४० सापळ्यांच्या प्रत्येकी ६० बाइटांच्या नोंदी मिळून दिवसाला २,४०० बाइट होतात. उरलेल्या चार सेकंदांत त्या कितीदा तरी जाऊ शकतात. प्रत्येक सापळ्याचा २०० किलोबाइटचा फोटो जोडला की तोच भार आठ मेगाबाइटवर जातो, आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन मेगाबिट मिळाला तर त्याला ३२ सेकंद लागतात. मुक्कामी गाडीला हे काहीच नाही. फाट्यावरच्या गाडीला अशक्य आहे. त्यामुळे फोटो आणि आकडे एकाच रांगेत कधीही ठेवू नयेत. आकडे आधी, फोटो मागाहून, आणि फोटो राहिले तर राहिले.

वेळापत्रकावर विसंबून आमची एक चूक झाली, ती इतरांनी करू नये. आगाराची परवानगी घेऊन, नोंदी साठवून वाय-फायने देणारी-घेणारी पेटी एका गाडीत बसवली आणि चार दिवसांनी ती गाडी दुसऱ्याच मार्गावर धावू लागली. फेरी ठरलेली असते, गाडी ठरलेली नसते. गाडी दुरुस्तीला जाते, यात्रेला जादा म्हणून सुटते, बदली गाडी येते. पेटी वाहनाला न बांधता त्या फेरीने नेहमी प्रवास करणाऱ्या माणसाला बांधावी: तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी, अपडाऊन करणारे गुरुजी, दूध संकलनाची गाडी चालवणारा. एसटीतील कंडक्टरला कागदोपत्री वाहक म्हणतात आणि नेटवर्कमध्ये नोंदींचे गाठोडे नेणाऱ्यालाही वाहक म्हणावे लागते. आमच्या वहीत या दोघांचा घोळ होऊ लागल्यावर आम्ही दुसऱ्याला ‘सांगाती’ म्हणू लागलो आणि पुढेही तोच शब्द वापरला आहे.

सांगात्याच्या स्वतःच्या फोनवर ॲप टाकायचे असल्यास एक गोष्ट मुळातच समजून घ्यावी. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वापरात नसलेला फोन झोपी जातो आणि पार्श्वभूमीतील ॲपांना अडवून धरतो; ठरावीक वेळाने करायचे काम सोपवले, तर दोन वेळांतील अंतर १५ मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. गाडी थांब्यावर चार मिनिटे थांबत असेल आणि फोन पंधरा मिनिटांतून एकदाच डोळे उघडत असेल, तर भेट होण्याची शक्यता पंधरात चार, म्हणजे चारांत एकाहून थोडी अधिक राहते. प्रयोगशाळेत टेबलावर जागा ठेवलेला फोन ही अडचण कधीच दाखवत नाही. यावर दोन उपाय आहेत. सूचनापट्टीत कायम दिसणारी सेवा चालवावी आणि तिच्यामुळे बॅटरी किती जाते हे सांगात्याला आधी मोकळेपणाने सांगावे. किंवा शोध घेण्याचे काम गावात ठेवलेल्या तशाच पेटीवर (गावपेटीवर) टाकून फोनने केवळ आपली खूण हवेत सोडत राहावी. आम्हाला दुसरा उपाय सोयीचा वाटला, कारण गावपेटीची बॅटरी आपली असते आणि फोनची बॅटरी दुसऱ्याची.

गाठोडे कसे बांधावे

नेहमीच्या इंटरनेटचा टीसीपी हा नियम दोन्ही टोके एकाच वेळी जागी आहेत, असे गृहीत धरतो. पहिल्या पाकिटाचे उत्तर आले नाही तर तो एका सेकंदाने पुन्हा विचारतो, मग दोन, चार, आठ सेकंदांनी असे करत लिनक्सवर सुमारे १२७ सेकंदांनी नाद सोडतो. आपल्या गावाचे उत्तर बारा तासांनी येणार असते. हा फरक वाढीव प्रयत्नांनी भरून निघत नाही. रचनाच बदलावी लागते. संशोधक केव्हिन फॉल यांनी २००३ मध्ये अशा नेटवर्कांसाठी वेगळी रचना मांडली. तिच्यातील कल्पना साधी आहे: नोंद स्वतःकडे साठवावी, सोबत वाहावी, पुढचा भेटला की त्याच्या हवाली करावी. २००७ मध्ये या रचनेची आणि तिच्या ‘बंडल’ नियमावलीची कागदपत्रे आली आणि २०२२ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ९१७१ या क्रमांकाने नियमावलीची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. बंडल म्हणजे आपले गाठोडे: आत माहिती, वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, निर्मितीची वेळ आणि ते किती काळ जिवंत ठेवायचे याची मुदत.

पदवीच्या प्रकल्पात संपूर्ण नियमावली उतरवण्याची गरज नाही, पण तिच्यातील दोन शिस्ती जशाच्या तशा पाळाव्यात. एक, प्रत्येक नोंदीला तिच्या उगमापाशीच कायमची ओळख द्यावी. ती वाटेत कोणी बदलू नये. दोन, सर्व्हरची पोच येईपर्यंत उगमाने नोंद पुसू नये. सांगात्याच्या फोनने ‘घेतले’ म्हटले म्हणजे नोंद पोहोचली असे नव्हे. फोन विहिरीत पडतो, फॉर्मॅट होतो, मुलांच्या खेळात जागा कमी पडली म्हणून ॲपच काढून टाकले जाते. जुन्या नियमावलीत मधल्या टप्प्याने ताबा घेण्याची सोय होती; नव्या नियमावलीच्या मुख्य भागातून ती काढलेली आहे, आणि क्षेत्रकार्याच्या अनुभवावरून तो निर्णय योग्य वाटतो. पोच दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या गाडीने परत येते, हे धरून गावपेटीत किमान पंधरा दिवसांच्या नोंदी मावतील एवढी जागा ठेवावी.

गाठोडी अनोळखी फोनवरून जातात, म्हणून ती सांकेतिक रूपात बंद असावीत आणि त्यांच्यावर उगमाची अंकीय सही असावी. एका शेतकऱ्याने आम्हाला पहिल्याच बैठकीत विचारले, “हा आकडा दुकानदाराले तर नाही ना जाणार?” प्रश्न अगदी रास्त होता. कोणाच्या वावरात किती पतंग आहेत हे आधी कळले, तर औषध विकायला कोण आधी दारात उभे राहील, हे गावाला आपल्यापेक्षा चांगले कळते. संमतिपत्र मराठीत असावे, वाचून दाखवावे आणि त्यात आकडे कोण पाहणार हे नावानिशी लिहावे.

कोणते गाठोडे कोणाला द्यावे, यावर संशोधनाचा मोठा साठा उपलब्ध आहे. भेटेल त्याला प्रत देत सुटणारी ‘साथीची’ पद्धत २००० मध्ये वाहदात आणि बेकर यांनी मांडली. मोजक्याच प्रती वाटून थांबणारी पद्धत २००५ मध्ये आली. पूर्वी कोण कोणाला किती वेळा भेटला यावरून अंदाज बांधणारी ‘प्रॉफेट’ पद्धत २०१२ मध्ये आरएफसी ६६९३ म्हणून नोंदली गेली. नवा विद्यार्थी बहुधा यात चौथी, अधिक हुशार पद्धत जोडायला निघतो. माझा सल्ला असा की आधी सर्वांत साधी पद्धत चालवून पाहावी: गाठोडे फक्त मुक्कामी गाडीच्या सांगात्याला द्यावे, इतर कोणालाही देऊ नये. वेळापत्रक ठरलेले असेल तेथे ही पद्धत इतकी चांगली चालते की तिला हरवणे हेच एक आव्हान होऊन बसते, आणि हुशार पद्धत तिला हरवू शकली नाही तर तोही निष्कर्ष लिहिण्याजोगा असतो.

घड्याळावर विश्वास ठेवू नये

पहिल्या हंगामात श्रावणातील सलग ढगाळ दिवसांत एका गावपेटीचे सौर पॅनल बॅटरी भरू शकले नाही आणि पेटी बंद पडली. तिसऱ्या दिवशी ऊन पडले, पेटी आपोआप चालू झाली आणि मोजणी करणाऱ्यांच्या फोनवरून नोंदी घेऊ लागली. वरवर सर्व ठीक होते. परंतु तिच्यात स्वतंत्र घड्याळ नव्हते, त्यामुळे चालू होताच तिने १ जानेवारी १९७० ही तारीख धरली आणि आलेल्या प्रत्येक नोंदीवर तोच शिक्का मारला. त्यातच फोटोंमुळे जागा भरत आली होती. जागा कमी पडल्यास ‘सर्वांत जुने आधी काढावे’ असा नियम आम्हीच लिहिला होता. पेटीने नियम तंतोतंत पाळला: १९७० मधल्या म्हणजेच त्या सकाळी आलेल्या नोंदी काढून टाकल्या आणि आठवड्यापूर्वीचे फोटो जपून ठेवले. पोच न आलेली नोंद पुसू नये, ही शिस्त तोवर आम्ही फक्त फोनवर पाळत होतो, पेटीवर नाही. सहा दिवस हे चालले. कागदी वही ठेवली नसती, तर ते सहा दिवस कायमचे गेले असते.

यातून बांधलेली व्यवस्था अशी. प्रत्येक पेटी चालू होताना एक ‘जन्मक्रमांक’ एकने वाढवून कायमच्या स्मृतीत लिहिते. त्या जन्मात येणाऱ्या नोंदींना १ पासून चढते क्रमांक मिळतात. दोन्ही क्रमांक मिळून नोंदीचा क्रम ठरतो, घड्याळाचा त्यात संबंध नसतो. घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळाशिवायही लावता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्ये दाखवले होते; आम्हाला ते पाठ होते, पण पेटीला सांगायचे राहून गेले होते. प्रत्यक्ष तारखेसाठी नोंदीवर ‘पेटी चालू झाल्यापासून इतके सेकंद’ असे लिहावे आणि सांगात्याचा फोन भेटला की त्याच्या वेळेशी मेळ घालून खरी वेळ मागाहून काढावी. नव्या बंडल नियमावलीतही भरवशाचे घड्याळ नसलेल्या यंत्रासाठी निर्मितीची वेळ शून्य लिहून गाठोड्याचे वय सोबत वाहण्याची सोय आहे. त्या नियमावलीत वेळ १ जानेवारी २००० पासून मोजली जाते, १९७० पासून नव्हे. रूपांतर करताना तीस वर्षांचा फरक पडलेला दिसला तर दोष येथे शोधावा.

घड्याळाची चिप लावणे उत्तमच. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत २० भाग धरली तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे ९० दिवसांत अडीच मिनिटांच्या आसपास होते. पतंगांच्या मोजणीला ती नगण्य आहे, पण संपर्क किती सेकंद टिकला हे दोन यंत्रांच्या नोंदींवरून काढायचे असेल तर नगण्य नाही.

दोघांनी मोजलेले पतंग

एका सापळ्याची एकाच सकाळची दोन माणसांनी केलेली नोंद दोन वाटांनी सर्व्हरवर आली: आजोबांच्या फोनवरून नऊ, नातीच्या फोनवरून दोन. प्रणालीने काय करावे? शेवटी आलेली नोंद खरी मानावी, तर उत्तर दोन येते आणि धोक्याची पातळी ओलांडली गेल्याचे कळत नाही. मोठी मानावी तर नऊ, आणि बेरीज करावी तर अकरा. तुटलेल्या जोडणीत केलेले बदल नंतर जुळवण्याचा विचार कार्नेगी मेलनच्या ‘कोडा’ आणि झेरॉक्स पार्कच्या ‘बायू’ या प्रणालींनी नव्वदच्या दशकातच केला होता, आणि २०११ पासून ‘सीआरडीटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माहितीरचना प्रती कोणत्याही क्रमाने आल्या तरी सगळीकडे एकच उत्तर येईल याची हमी देतात. परंतु सगळीकडे एकच उत्तर येणे आणि ते उत्तर बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढत जाणाऱ्या मोजणीची रचना निवडली असती, तर प्रत्येक प्रतीने एकमताने अकरा म्हटले असते. ते खरे आहे की नाही, हे एका प्रश्नावर अवलंबून होते.

नातीने तो घरीच विचारला. “आबाजी, तुम्ही मोजल्यावर सापळा झाडला होता का?” झाडला होता, दोन पतंग नंतर उजाडता उजाडता अडकले होते. अकरा बरोबर ठरले, पण ते योगायोगाने. सापळा झाडला नसता तर नातीला तेच नऊ आणि नंतरचे दोन असे अकरा दिसले असते, आणि बेरजेने वीस सांगितले असते.

म्हणून नोंदीच्या किल्लीत सापळा क्रमांक, रात्रीची तारीख आणि मोजणाऱ्याचा संकेत हे तिन्ही असावेत. दोन नोंदी आल्या तर दोन्ही ठेवाव्यात, कोणतीही पुसू नये. आणि ‘मोजल्यावर सापळा रिकामा केला काय’ हा प्रश्न ॲपमध्ये सक्तीचा असावा. ल्यूर, म्हणजे सापळ्यातील गंधाची कुपी, बदलल्याची तारीखही अशीच सक्तीने घ्यावी, कारण नव्या ल्यूरमुळे आकडा एकदम चढतो. प्रणालीने गणित करावे, पण वावरात काय घडले हे तिने अंदाजाने ठरवू नये.

नसलेल्या नोंदीचाही याच ठिकाणी विचार करावा. पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवशी आमच्याकडे जवळजवळ एकही नोंद आली नाही, आणि पहिल्या मसुद्यात आम्ही तो नेटवर्कचा दोष म्हणून मांडला होता. सणाला कोणी वावरात गेलेच नव्हते. ‘आज मोजले नाही’ ही एका बोटाने पाठवता येणारी वेगळी नोंद दिली, की न मोजलेले आणि हरवलेले वेगळे करता येते. ती दिली नाही तर पोहोचण्याचे प्रमाण कितीही काळजीपूर्वक काढले तरी चुकते.

ऊन आणि बॅटरी

याविषयी थोडक्यात. विदर्भात मे महिन्यात सावलीतील पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पत्र्यावर ठेवलेल्या बंद पेटीत त्याहून बराच चढतो. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असा बहुतेक उत्पादकांचा निर्देश असतो. तेव्हा भर दुपारी चार्जिंग तोडणारे तापमापक सर्किट लावावे, पेटी पांढरी असावी, पॅनल उन्हात आणि पेटी सावलीत ठेवावी. लोराचा सर्वांत संथ वेग वापरल्यास भारतीय पट्ट्यात एका संदेशात ५१ बाइटच मावतात आणि तेवढे पाठवायला दोन सेकंदांहून अधिक काळ प्रेषक चालू राहतो, म्हणून नोंद आखूड ठेवणे हा बॅटरी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मुंग्यांसाठी केबलच्या छिद्रात एमसील भरावे.

सिम्युलेशन आणि मांडणी

पाच गावांचा प्रयोग पन्नास गावांवर कसा वागेल, हे पाहण्यासाठी सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) करावे लागते. त्यासाठी ‘वन’ हा जावामध्ये लिहिलेला, खुला सिम्युलेटर उपलब्ध आहे आणि तो शिकायला सोपा आहे. मात्र त्याच्यासोबत येणारा तयार नमुना हेलसिंकी शहराच्या नकाशावर चालतो. त्यात पादचारी, मोटारी आणि ट्राम फिरतात. तो नमुना तसाच चालवून त्यातील निष्कर्ष आर्णी किंवा घाटंजीला लावण्याचा मोह अनेक प्रबंधांत दिसतो. यादृच्छिक दिशेने फिरणारी माणसे गृहीत धरणेही तितकेच चुकीचे आहे, कारण आपल्याकडची माणसे आठवडी बाजाराच्या दिवशी एकाच दिशेने जातात आणि इतर दिवशी वावर ते घर एवढेच फिरतात. पंधरा दिवसांच्या मोजणीत मिळालेली खरी संपर्कयादी सिम्युलेटरला द्यावी. कोण कोणाला कधी भेटले आणि भेट कधी संपली, एवढे चार स्तंभ पुरतात. यादी प्रकाशित करायची असल्यास माणसांचे संकेत बदलून आणि रात्रीच्या जागा गाळून ती द्यावी. पाच-सहाशे वस्तीच्या गावात पहाटेच्या गाडीने रोज जाणारी व्यक्ती नावाशिवायही ओळखू येते.

निकाल मांडताना सरासरी उशीर देऊ नये. रविवारी गाडी आली नाही की एका दिवसाचा उशीर दोन दिवसांचा होतो आणि सरासरी काहीच सांगेनाशी होते. मध्यक द्यावा, शंभरातील पंचाण्णव नोंदी किती तासांत पोहोचल्या हे द्यावे, आणि ठरवलेल्या मुदतीत किती सापळ्यांच्या सलग तीन रात्री पूर्ण झाल्या, हे द्यावे. शेवटचा आकडा नेटवर्कच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, पण ज्यांच्यासाठी हे सर्व उभारले त्यांना तेवढाच कळतो.

शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते आणि सापळ्यांच्या काठ्याही तिच्याबरोबर जातात. त्याच्या आठ दिवस आधी पेट्या काढायला निघावे. प्रत्येक गावात कागदी वहीतील ओळी, पेटीतील नोंदी आणि सर्व्हरवरील नोंदी असे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत. फरक आला तर तो कोणत्या जन्मक्रमांकात आला हे शोधून तेथेच लिहावे, शहरात परतल्यावर नव्हे. पेटीत पोच न आलेली एकही नोंद उरलेली नाही हे वहीत लिहून, हंगामभर जिने ती सांभाळली त्या व्यक्तीची त्याखाली सही घ्यावी, आणि मगच पॅनलची तार सोडावी.